मनाच्या आजाराचे औषध : किती दिवस उरते, किती दिवस घ्यावे



सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख संत्र्यांच्या बागांसाठी आणि कापसासाठी प्रसिद्ध आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि मोठ्या दुखण्यासाठी नागपूर, असा येथील लोकांचा जुना परिपाठ आहे. पांढुर्ण्याहून इटारसी-नागपूर लोहमार्गाने आणि सौंसरहून छिंदवाडा-नागपूर रस्त्याने रुग्ण नागपूरला जातात, डॉक्टरांची चिठ्ठी घेतात आणि महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गावी परततात. चिठ्ठी इंग्रजीत असते. सांगणे घाईचे असते. गावी आल्यावर शंका विचारावी असे माणूस जवळ नसते.

मनाच्या आजारावरील गोळ्यांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. नैराश्य, म्हणजे आठवडेच्या आठवडे न हटणारी खिन्नता, झोप व भूक यांचा बिघाड, कशातच मन न लागणे आणि जगणे नकोसे वाटणे, हा एक आजार आहे. तो आळस नव्हे, भित्रेपणा नव्हे आणि पूर्वकर्माचे फळही नव्हे. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशाचाही समावेश होता. देशातील दर २० प्रौढांमागे सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो, असे त्या पाहणीत आढळले. म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात असे रुग्ण आहेतच. दिसत नसतील तर ते बोलत नाहीत इतकेच.

या रुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो. गोळी घेतल्यावर ते औषध शरीरात किती दिवस राहते? प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या चुकीच्या उत्तरामुळे अनेकांचे उपचार अर्ध्यावर मोडतात. कोणी म्हणतो, औषध अंगात साठत जाते आणि कधीच निघत नाही, म्हणून लवकर बंद केलेले बरे. कोणी म्हणतो, महिनाभर घेतलेले औषध अंगात आहेच, आता आठ-पंधरा दिवस गोळी चुकली तरी बिघडत नाही. कोणी म्हणतो, काल गोळी बंद केली, आज दुसरे कोणतेही औषध घेण्यास हरकत नाही. ही तीनही मते चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत, हे समजून घेणे हाच या विवेचनाचा हेतू आहे.

रांजणाचा हिशेब

पोटात गेलेली गोळी आतड्यातून रक्तात मिसळते. यकृत तिच्यातील औषधाचे रूपांतर करते आणि मुख्यतः मूत्रावाटे ते हळूहळू बाहेर टाकले जाते. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास जितका वेळ लागतो, त्याला वैद्यकशास्त्रात त्या औषधाचे अर्धायुष्य म्हणतात.

एक झिरपणारा रांजण डोळ्यांपुढे आणावा. त्यात जितके पाणी असेल त्याचा निम्मा भाग दररोज झिरपून जातो आणि रोज सकाळी २० लोटे पाणी नव्याने ओतले जाते. पहिल्या दिवशी रांजणात २० लोटे. दुसऱ्या दिवशी उरलेले १० आणि नवे २० मिळून ३०. तिसऱ्या दिवशी ३५, चौथ्या दिवशी साडेसदतीस. असे करीत पातळी ४० लोट्यांच्या जवळ येते आणि तेथेच स्थिरावते. कारण आता जितके झिरपते तितकेच रोज भरले जाते. औषधाचेही असेच होते. नेमून दिलेल्या प्रमाणात रोज गोळी घेतली तर सुमारे पाच अर्धायुष्यांच्या काळात रक्तातील पातळी स्थिर होते. त्यापुढे ते अमर्याद साठत जात नाही. पहिल्या मताचे उत्तर येथेच मिळते.

आता पाणी ओतणे थांबवावे. ४० चे २०, २० चे १०, मग ५, मग अडीच, मग सव्वा. पाच अर्धायुष्यांनंतर शेकडा तीनच भाग उरतो. म्हणून सर्वसाधारण नियम असा सांगितला जातो की, औषधाच्या अर्धायुष्याच्या पाचपट काळात ते शरीरातून जवळजवळ निघून जाते.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत

सर्व औषधांचे अर्धायुष्य मात्र सारखे नसते. सर्ट्रालीनचे अर्धायुष्य सुमारे २६ तास आहे, तर एसिटॅलोप्रॅमचे सुमारे ३० तास. पॅरॉक्सेटीन साधारण २१ तासांत निम्मे होते. व्हेन्लाफॅक्सीन सुमारे ५ तासांतच निम्म्यावर येते आणि त्यापासून शरीरात तयार होणारा क्रियाशील अंश सुमारे ११ तासांत. डोकेदुखी व नसांच्या दुखण्यावरही दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलीन ही जुनी गोळी साधारण एका दिवसाच्या आसपास निम्मी होते, परंतु व्यक्तीव्यक्तींत तिचा फरक मोठा असतो. या सर्वांहून वेगळे औषध म्हणजे फ्लुऑक्सेटीन. नियमित घेणाऱ्याच्या शरीरात त्याचे अर्धायुष्य ४ ते ६ दिवसांचे असते आणि त्यापासून बनणारा नॉरफ्लुऑक्सेटीन हा क्रियाशील अंश सरासरी ९ दिवसांनी निम्मा होतो.

हे आकडे सणांच्या हिशेबाने सहज ध्यानात राहतील. समजा, दोन शेजाऱ्यांनी पोळ्याच्या दिवशी शेवटची गोळी घेतली. एक सर्ट्रालीन घेत होता, दुसरा फ्लुऑक्सेटीन. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. त्या दिवशी पहिल्याच्या अंगात सुमारे निम्मे औषध उरलेले असते. चौथ्या दिवशी, म्हणजे गणेश चतुर्थीस, बारा-तेरा भागांतील एक भाग उरतो आणि आणखी दोन दिवसांत तोही नाममात्र होतो. दुसऱ्याच्या शरीरात मात्र औषधाचा तो दीर्घायुषी अंश अनंत चतुर्दशीस सुमारे एकतृतीयांश असतो. सर्वपित्री अमावास्येस दहावा हिस्सा उरतो, दसऱ्यास विसावा आणि लक्ष्मीपूजनास सुमारे शंभरावा. एकाचे औषध गणपती बसताना जवळजवळ संपले. दुसऱ्याचे शेवटचे अंश निघून जाईपर्यंत दिवाळी आली.

हा हिशेब सरासरीचा आहे. वृद्ध माणसात अनेक औषधे अधिक काळ रेंगाळतात. कावीळ किंवा यकृताचा जुना विकार असलेल्याच्या शरीरातून ती आणखी सावकाश जातात. यकृतातील विकरांचे काम जन्मतःच मंद असलेले लोकही असतात. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावरून स्वतःचा हिशेब करू नये.

खत आणि बहार

येथे दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा, मुद्दा येतो. औषध रक्तात असणे आणि आजार बरा होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत व त्यांची पंचांगेही निरनिराळी आहेत.

संत्र्याच्या बागाइतदारास हे समजावून सांगण्याची गरज नाही. आंबिया बहारासाठी झाडाला ताण दिला, मग खत आणि पाणी दिले, म्हणून दुसऱ्या दिवशी फुले येत नाहीत. आणि फुले आली म्हणून पाणी तोडणारा बागाइतदारही नसतो, कारण फळ हाती येण्यास पुढे कित्येक महिने लागतात. मनाच्या औषधाचे असेच आहे. पहिली गोळी काही तासांत रक्तात पोहोचते. परंतु मेंदूतील बदल सावकाश घडतात. झोप आणि भूक प्रथम सुधारू लागतात. मनावरचे मळभ दूर होऊ लागण्यास दोन ते चार आठवडे आणि पुरता गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता असे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतात आणि बहुधा थोड्या दिवसांत ओसरतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण मागाहून, असा क्रम असतो. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक रुग्ण आठ-दहा दिवसांतच गोळ्या फडताळात टाकतात.

जे टिकून राहतात त्यांच्यापुढे दुसरा मोह उभा राहतो. दीड-दोन महिन्यांत बरे वाटू लागते. शेतावर जाणे सुरू होते, हसणे-बोलणे परतते, आणि घरचेच म्हणतात, आता कशाला गोळी? ही फुले आलेल्या झाडाचे पाणी तोडण्याची वेळ होय. पहिल्यांदाच आजार झालेल्या रुग्णाने पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. आजार पुनःपुन्हा उलटत असेल तर हा काळ दोन वर्षांचा किंवा त्याहून अधिक असू शकतो. मध्येच औषध सोडल्यास ते काही दिवसांत शरीरातून जाते. आजार मात्र तत्काळ परततोच असे नाही. तो आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परततो. तोपर्यंत औषध सोडल्याचा विसर पडलेला असतो आणि दोष नशिबाला दिला जातो.

अचानक बंद केल्यास

गोळ्या संपल्या, संत्र्याची तोडणी सुरू होती, नागपूरला जाणे जमले नाही, असे प्रसंग येतात. अशा वेळी, विशेषतः लवकर निघून जाणाऱ्या पॅरॉक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन यांसारख्या औषधांच्या बाबतीत, दोन-तीन दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, घाम, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी भावना असे त्रास सुरू होतात. मेंदू ज्या पातळीला सरावलेला असतो ती एकाएकी खाली गेल्याचा हा परिणाम होय. फ्लुऑक्सेटीन सावकाश उतरत असल्यामुळे त्याच्या बाबतीत असे त्रास कमी होतात, किंवा उशिराने होतात.

या त्रासांवरून लोक दोन अनुमाने काढतात. पहिले, हे व्यसन लावणारे औषध आहे. ते खरे नव्हे. दारू वा अफूप्रमाणे या गोळ्यांची हाव सुटत नाही आणि मात्रा वाढवीत नेण्याची ओढही लागत नाही. दुसरे अनुमान असे की, आजारच उलटला. कधी कधी तसे असतेही. परंतु गोळी सोडल्यावर थोड्याच दिवसांत सुरू झालेला आणि पूर्वी कधी नसलेला त्रास बहुधा औषध एकाएकी तोडल्याचा असतो, तर सावकाश दाटत आलेली जुनी खिन्नता ही आजाराची खूण असते. कोणते काय, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. औषध थांबवावयाचेच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे आणि गरज पडल्यास काही महिने घेऊन, मात्रा पायरीपायरीने उतरवीत थांबवावे. काहींना शेवटच्या पायऱ्या अधिक सावकाश उतराव्या लागतात.

एखादी गोळी विसरली तर आठवताच घ्यावी. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम मात्र कधीही घेऊ नयेत. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये आणि चालूही करू नये. त्यांच्यासाठी योग्य औषध निवडता येते. ते काम डॉक्टरांचे आहे.

उरलेले औषध आणि नवे औषध

गोळी बंद केल्यावर तिचा अंश शरीरात उरतो, याचे व्यावहारिक महत्त्व पुढील गोष्टीत आहे. गोटमारीत जखमी झालेला माणूस दवाखान्यात आणला जातो. त्याला वेदनाशामक द्यावे लागते. त्याने पोळ्यालाच फ्लुऑक्सेटीन बंद केलेले असले, तरी त्याच्या शरीरात ते आहेच. अशा रुग्णास ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक दिल्यास सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचे प्रमाण धोकादायक वाढून थरथर, घाम, ताप, छातीत धडधड आणि कमालीची अस्वस्थता निर्माण होऊ शकते. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामकांबरोबर रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो. खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि औषधास दाद न देणाऱ्या क्षयावर दिले जाणारे लिनेझोलिड यांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी लागते. मनाच्या आजारावरील काही जुनी औषधे तर फ्लुऑक्सेटीन बंद केल्यानंतर पाच आठवडे लोटल्याशिवाय देताच येत नाहीत.

म्हणून दुखणे कोणतेही असो, डॉक्टर कोणतेही असोत, चालू असलेल्या गोळ्यांबरोबरच गेल्या दोन महिन्यांत बंद केलेल्या गोळ्यांचीही माहिती द्यावी. लाजू नये. चिठ्ठी आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट जपून ठेवावे, कारण औषधाचे नाव आठवले नाही तरी पाकीट ते सांगते. मेडिकलच्या दुकानातून परस्पर दुसरी गोळी घेऊ नये. हे औषध चालू असताना दारू वर्ज्य करावी.

आणखी एक सूचना घरच्या मंडळींसाठी आहे. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत, आणि विशेषतः पंचवीस वर्षांखालील तरुण रुग्णांच्या बाबतीत, अस्वस्थता वाढून जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बळावू शकतात. अशा काळात रुग्णास एकटे सोडू नये, गोळ्या घरातील जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवाव्या आणि फवारणीची औषधे कुलपाबाहेर राहू देऊ नयेत. असे विचार बोलून दाखवणाऱ्यास रागावू नये. त्याचे ऐकावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

देव आणि दवा

सौंसर तहसिलीतील जामसावळी येथे निद्रिस्त हनुमानाचे देवस्थान आहे. मनाच्या पीडेने गांजलेल्या माणसांना घेऊन दूरदूरचे नातेवाईक तेथे येतात. श्रद्धेने मनास धीर येतो, आप्तेष्टांच्या सोबतीने आधार मिळतो. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु देवाच्या दारी आल्यावर गोळी बंद केलीच पाहिजे, असा समज काही जण करून घेतात, तो घातक आहे. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दुआ आणि दवा यांची सांगड घालण्याचा उपक्रम चालविण्यात आला. तेथे आलेल्या रुग्णांना प्रार्थनेबरोबर मनोविकारतज्ज्ञांचे उपचारही मिळू लागले. तीच दृष्टी येथेही उपकारक आहे. प्रदक्षिणा घालावी, प्रसाद घ्यावा आणि रात्रीची गोळीही घ्यावी.

गाव, शाळा आणि कचेरी

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. त्या काळी मनाच्या रुग्णास कोंडून ठेवण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. १९५७ साली स्वित्झर्लंडमधील रोलंड कून या डॉक्टरांनी इमिप्रामीनचा नैराश्यावरील गुण प्रसिद्ध केला आणि गोळीने हा आजार हटू शकतो हे जगास कळले. १९८७ च्या अखेरीस फ्लुऑक्सेटीनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्या देशात १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा चालू झाली असून १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो. तेथे मराठीतही बोलता येते आणि हिंदीतही. राज्याच्या सीमेवर राहणाऱ्या माणसास ही मोठीच सोय आहे. गोळ्या संपल्या आणि नागपूर दूर राहिले, तर निदान विचारावे कोणास, हा प्रश्न आता उरलेला नाही.

शिक्षकांनी एखादा विद्यार्थी किंवा पालक अबोल होत चालल्याचे पाहिले तर आस्थेने चौकशी करावी. ज्यास चिठ्ठी वाचता येत नाही त्यास ती वाचून दाखवावी आणि गोळ्यांच्या वेळा मराठीत लिहून द्याव्या. अधिकाऱ्यांनी शासकीय रुग्णालयात ही औषधे अखंड मिळतील इकडे लक्ष पुरवावे. महिनाभर साठा नसणे म्हणजे केवळ नोंदवहीतील त्रुटी नव्हे; पाच-सहा दिवसांत रिकामा होणाऱ्या रांजणात महिनाभर पाणी न पडणे होय. गावकऱ्यांनी अशा रुग्णास वेडा म्हणू नये. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यास कोणी हसत नाही, मग मनाची गोळी घेणाऱ्यास का हसावे?

औषध शरीरात किती दिवस राहते, याचे उत्तर कोणाच्या बाबतीत पाच दिवस, तर कोणाच्या बाबतीत दोन महिने असे आहे. औषध किती दिवस घ्यावे, याचे उत्तर मात्र रक्तातील अंशावरून निघत नाही आणि आज बरे वाटते यावरूनही निघत नाही. ते रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवावयाचे असते. बहार येईपर्यंत धीर धरणे आणि फळ हाती येईपर्यंत पाणी न तोडणे, ही या भूमीतील शेतकऱ्याची रीत आहे. घरातील दुखणाईत माणसाच्या बाबतीतही तीच रीत पाळली जावी.